स्वयंपाकघरातील रेडिओ प्रेषक

मायक्रोवेव्ह ओव्हन अन्न गरम करतो, एवढीच त्याची ओळख सामान्यतः करून दिली जाते. भौतिकीच्या दृष्टीने मात्र तो प्रथम रेडिओ प्रेषक आहे आणि नंतर शेगडी. त्याच्या पोटात मॅग्नेट्रॉन नावाची एक निर्वात नलिका असते. ही नलिका सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने, म्हणजेच २,४५० मेगाहर्ट्झ, एवढ्या कंप्रतेचे विद्युत्चुंबकीय तरंग निर्माण करते. या तरंगांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते व त्यांना सूक्ष्मतरंग असे म्हणतात. घरगुती ओव्हनमध्ये त्यांची शक्ती साधारणतः ७०० ते १,००० वॉट असते. आकाशवाणीची काही लहान एफ. एम. केंद्रे अवघ्या १०० वॉट शक्तीवर आसपासच्या परिसराला कार्यक्रम ऐकवतात. घरातील वाय-फाय यंत्राची शक्ती तर वॉटच्या दशांशाच्या आसपास असते. या तुलनेवरून स्वयंपाकघरातील या प्रेषकाच्या सामर्थ्याची कल्पना येईल.

नभोवाणीचा प्रेषक आणि ओव्हनमधील प्रेषक यांत एक मोठा भेद आहे. नभोवाणी केंद्राला जी कंप्रता नेमून दिलेली असते तिच्यापासून ढळण्याची मुभा त्याला नसते. त्यासाठी क्वॉर्ट्झच्या स्फटिकाच्या साहाय्याने कंप्रता काटेकोरपणे स्थिर राखली जाते. ओव्हनच्या मॅग्नेट्रॉनवर असा कोणताही अंकुश नसतो. त्याची कंप्रता क्षणाक्षणाला बदलते, त्याचा संदेश तुटक असतो आणि काही क्षणी तो विस्तृत पट्ट्यावर पसरतो. हा नलिकेचा बिघाड नव्हे. अन्न शिजवण्यासाठी कंप्रतेच्या काटेकोरपणाची गरजच नसते; म्हणून त्यावर खर्च केला जात नाही. पण या काटकसरीचा भार शेवटी कोणीतरी सोसतोच. तो कोण व कसा सोसतो, हे समजण्यासाठी प्रथम नलिकेचे कार्य समजून घ्यावे लागते.

रडारपासून शेगडीपर्यंत

मॅग्नेट्रॉन हे नाव अमेरिकन भौतिकीविज्ञ अल्बर्ट हल यांनी १९२१ च्या सुमारास रूढ केले. चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने निर्वात नलिकेतील इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नियंत्रित करण्याचा त्यांचा प्रयत्न होता. पुढे अनेक देशांत या नलिकेवर संशोधन झाले. निर्णायक पाऊल मात्र १९४० च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात पडले. तेथे जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या जाड ठोकळ्यात कोरलेल्या पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे तरंग त्याने शेकडो वॉट शक्तीने निर्माण केले. एवढ्या आखूड तरंगांवर एवढी शक्ती देणारे साधन त्यापूर्वी ब्रिटनकडे नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टिझार्ड शिष्टमंडळाने ही नलिका अमेरिकेत नेली आणि दोस्तराष्ट्रांच्या रडार यंत्रणेचा ती कणा ठरली.

युद्ध संपताच या नलिकेला दुसरे काम मिळाले. अमेरिकेतील रेथिऑन या कंपनीतील अभियंते पर्सी स्पेन्सर यांनी सूक्ष्मतरंगांनी अन्न गरम करण्याच्या पद्धतीसाठी ऑक्टोबर १९४५ मध्ये एकस्वाचा अर्ज केला. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना खिशातील मिठाईची वडी वितळल्याने त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलोग्रॅम वजनाचा होता. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन अमेरिकेत लोकप्रिय होण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

२,४५० मेगाहर्ट्झ हीच कंप्रता का, याविषयी एक समज प्रचलित आहे. पाण्याचा रेणू नेमक्या याच कंप्रतेला अनुस्पंदित होतो, असे सांगितले जाते. ते खरे नाही. साध्या तापमानाच्या पाण्यात सूक्ष्मतरंगांचे शोषण याहून सुमारे आठपट अधिक कंप्रतेला सर्वाधिक प्रभावी असते. परंतु तेवढ्या कंप्रतेचे तरंग अन्नाच्या पृष्ठभागावरच शोषले गेले असते आणि आतला भाग थंड राहिला असता. २,४५० मेगाहर्ट्झचे तरंग काही सेंटिमीटर आत शिरतात. शिवाय १९४७ मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत संदेशवहनाखेरीज अन्य औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय कामांसाठी जे कंप्रतापट्टे राखून ठेवण्यात आले, त्यांत ही कंप्रता होती. २,४०० ते २,५०० मेगाहर्ट्झ हा पट्टा ओव्हनच्या वाट्याला आला तो असा.

नलिकेची रचना व कार्य

मॅग्नेट्रॉनच्या मध्यभागी थोरियममिश्रित टंगस्टनची एक गुंडाळी असते. हे त्याचे ऋणाग्र होय. ते तापले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्याभोवती तांब्याचे नळकांडे असते; ते धनाग्र होय. नळकांड्याच्या आतल्या बाजूने मध्याकडे तांब्याच्या पातळ पट्ट्या निघालेल्या असतात. घरगुती नलिकेत त्या बहुधा दहा असतात. दोन पट्ट्यांमधील प्रत्येक फट म्हणजे एक पोकळी. नलिकेच्या वर आणि खाली फेराइटची कडी-चुंबके बसवलेली असतात. त्यांचे क्षेत्र नळकांड्याच्या अक्षाला समांतर असते.

ऋणाग्र आणि धनाग्र यांत सुमारे ४,००० व्होल्ट विद्युत् दाब दिला की इलेक्ट्रॉन धनाग्राकडे झेपावतात. चुंबकीय क्षेत्र त्यांना सरळ जाऊ देत नाही. त्यांचे मार्ग वाकतात आणि ऋणाग्राभोवती इलेक्ट्रॉनांचा एक ढग फिरू लागतो. हा ढग पोकळ्यांच्या तोंडावरून जात असताना जे घडते, त्याला रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारण्याची उपमा देता येईल. फुंकरीत कोणताही स्वर नसतो. स्वर ठरतो तो बाटलीच्या आकारमानाने. त्याचप्रमाणे प्रत्येक पोकळीची एक नैसर्गिक कंप्रता असते आणि इलेक्ट्रॉनांच्या ओघाने ती त्या कंप्रतेला झंकारू लागते. एकाआड एक पट्ट्या धातूच्या कड्यांनी जोडलेल्या असल्यामुळे लगतच्या दोन पट्ट्यांवरील विद्युत् भार नेहमी परस्परविरुद्ध राहतो आणि सर्व पोकळ्या एका तालात आंदोलित होतात.

या आंदोलनांचा उलट परिणाम इलेक्ट्रॉनांवर होतो. ढगाला चाकाच्या आऱ्यांसारखा आकार येतो. दहा पोकळ्यांच्या नलिकेत असे पाच आरे गरगर फिरतात. आऱ्यांतील इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा पोकळ्यांना देत देत धनाग्रावर पोहोचतात. ज्यांना उलट ऊर्जा मिळते ते माघारी जाऊन ऋणाग्रावर आदळतात व त्याला आणखी तापवतात. नलिकेला दिलेल्या विद्युत् ऊर्जेपैकी सुमारे दोनतृतीयांश ऊर्जेचे रूपांतर सूक्ष्मतरंगांत होते. एका पट्टीला जोडलेली तार ही ऊर्जा बाहेर आणते आणि धातूच्या चौकोनी नळीतून, म्हणजे तरंग मार्गदर्शकातून, ती ओव्हनच्या पेटीत सोडली जाते.

या वर्णनातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कंप्रता ठरवणारे कोणतेही स्वतंत्र घड्याळ या रचनेत नाही. जी वस्तू शक्ती निर्माण करते तीच कंप्रताही ठरवते. म्हणून शक्तीच्या मार्गात जे जे बदलते, त्याची छाप कंप्रतेवर उमटते.

कंप्रता ढळण्याची कारणे

पहिले कारण म्हणजे विद्युत् पुरवठा. घरगुती विजेचा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. भारतात तो सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणजे प्रत्येक आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. जुन्या व स्वस्त ओव्हनमध्ये एक जड रोहित्र, एक धारित्र आणि प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड एवढीच सामग्री असते. आवर्तनाच्या एका अर्ध्यात धारित्र भारित होते. दुसऱ्या अर्ध्यात धारित्राचा दाब रोहित्राच्या दाबात मिळवला जातो आणि मॅग्नेट्रॉनला हवा तेवढा दाब लाभतो. परिणामी मॅग्नेट्रॉन अर्धा वेळच चालतो. आठ ते दहा मिलिसेकंद तो गरजतो आणि उरलेला वेळ गप्प राहतो. असे सेकंदाला ५० वेळा घडते. अन्न हा तुटकपणा ओळखत नाही, कारण उष्णता साठत जाते. रेडिओ ग्राहीला मात्र तो गुरगुरल्यासारखा ऐकू येतो.

त्या आठ-दहा मिलिसेकंदांतही दाब स्थिर नसतो. तो चढतो, शिखर गाठतो आणि उतरतो. त्याबरोबर नलिकेतील प्रवाह बदलतो. फिरणारा इलेक्ट्रॉनांचा ढग हा स्वतः पोकळ्यांच्या विद्युत् मंडलाचा एक घटक असतो. प्रवाह बदलला की ढगाची घनता बदलते आणि कंप्रता काही मेगाहर्ट्झने सरकते. अभियंते याला प्रवाहामुळे कंप्रता ढकलली जाणे असे म्हणतात. सर्वांत अधिक गोंधळ प्रत्येक स्पंदाच्या आरंभी आणि शेवटी होतो. आंदोलने जेमतेम सुरू होत असतात किंवा मावळत असतात, तेव्हा नलिकेला एक निश्चित कंप्रता धरता येत नाही आणि तिचा गोंगाट दूरवरच्या कंप्रतांवर पसरतो. स्पंदाच्या मध्यभागी मात्र संदेश त्या मानाने अरुंद व शांत असतो.

दुसरे कारण म्हणजे अन्न. प्रेषकाच्या भाषेत अन्न हा त्याचा भार होय. पेटीत गेलेले सर्व तरंग अन्नात शोषले जात नाहीत; काही परावर्तित होऊन मार्गदर्शकातून नलिकेकडे परततात आणि तिची कंप्रता ओढून घेतात. परतणारा तरंग किती मोठा आहे आणि तो कोणत्या क्षणी पोहोचतो, यावर हे ओढणे अवलंबून असते. पेटीत पाण्याचा पेला ठेवला असता एक कंप्रता येते, भाताचे पातेले ठेवले असता दुसरी. गोठलेल्या अन्नाची गोष्ट आणखी निराळी. बर्फ सूक्ष्मतरंग फारच कमी शोषतो, पाणी पुष्कळ. म्हणून अन्न वितळत असताना भार सतत बदलत जातो. खालची काचेची थाळी फिरू लागली की थाळीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर कंप्रताही पुढेमागे झुलते. नभोवाणीच्या प्रेषकाला आपला आकाशक दर क्षणाला बदलण्याचा प्रसंग कधी येत नाही; ओव्हनला तो नित्याचाच असतो.

तिसरे कारण तापमान. तांबे तापले की प्रसरण पावते. एक अंश सेल्सिअस तापमानवाढीला त्याची लांबी दहा लक्षांत सुमारे १७ भागांनी वाढते. धनाग्र १०० अंशांनी तापले, तर पोकळ्यांची मापे हजारात १.७ भागांनी वाढतील आणि केवळ या एका कारणाने कंप्रता सुमारे ४ मेगाहर्ट्झने उतरेल. म्हणून ओव्हन सुरू होतानाची कंप्रता आणि काही मिनिटांनंतरची कंप्रता सारखी नसते.

याखेरीज प्रत्येक मॅग्नेट्रॉन आपल्या मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांवरही थोडी शक्ती उत्सर्जित करतो. पाचपट कंप्रता १२,२५० मेगाहर्ट्झच्या जवळपास येते. उपग्रहावरून घरोघरी येणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम याच परिसरातील कंप्रतांवर असतात. यामुळेच आंतरराष्ट्रीय मानकांत या उच्च कंप्रतांवरील उत्सर्जनाला वेगळी मर्यादा घालून दिलेली आहे.

दाराच्या फटीतून

हा सर्व गोंगाट ओव्हनच्या धातूच्या पेटीत कोंडलेला असतो. दाराच्या काचेमागील जाळीची छिद्रे एक-दोन मिलिमीटरची असतात. प्रकाशाच्या तरंगांना ती प्रचंड मोठी. बारा सेंटिमीटरच्या तरंगांना मात्र त्या जागी भिंतच असते. दार आणि चौकट यांमधली फट धातूला धातू टेकवून पूर्णपणे बंद करता येत नाही. म्हणून दाराच्या कडेने तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर खोलीची खाच ठेवलेली असते. खाचेच्या तळावरून परतणारा तरंग फटीच्या तोंडाशी अशा रीतीने पोहोचतो की बाहेर निघू पाहणाऱ्या तरंगाची वाट अडते. अर्थात ही युक्ती २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच चांगली चालते. फार निराळ्या कंप्रतांना खाचेची खोली लागू पडत नाही.

तरीही थोडी गळती राहतेच. माणसाच्या सुरक्षिततेसाठी ओव्हनच्या पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट ही मर्यादा सर्वत्र मानली जाते. चांगल्या स्थितीतील ओव्हन तिच्या पुष्कळ खाली असतो आणि अंतर वाढताच गळतीची तीव्रता झपाट्याने कमी होते. आरोग्याच्या दृष्टीने ही गळती क्षुल्लक आहे. रेडिओ ग्राहीच्या दृष्टीने मात्र ती क्षुल्लक नाही. हजार वॉटपैकी एकलक्षांश भाग बाहेर पडला, तरी ते १० मिलिवॉट होतात. दुसऱ्या खोलीतील वाय-फाय ग्राहीपर्यंत पोहोचणारा उपयुक्त संदेश अनेकदा वॉटच्या अब्जांश भागाएवढा किंवा त्याहूनही क्षीण असतो. माणसासाठी आखलेली मर्यादा आणि ग्राहीला सोसवेल अशी मर्यादा यांत असे अफाट अंतर आहे.

एकाच पट्ट्यातील शेजारी

जो पट्टा ओव्हनसाठी मोकळा सोडला होता, तोच पुढे बिनतारी संगणक जाळ्यांनी आपलासा केला. १९८५ मध्ये अमेरिकेने या पट्ट्यात परवान्याविना अल्पशक्ती संदेशवहनाला मुभा दिली. १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. भारतात २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्ती साधनांना २००५ मध्ये परवान्यातून सूट मिळाली. परवाना नाही, शुल्क नाही, हे या पट्ट्याचे आकर्षण होते. त्याची अटही तेवढीच स्पष्ट होती. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार या पट्ट्यात संदेशवहन करणाऱ्या सेवांनी ओव्हनसारख्या उपकरणांकडून होणारा व्यत्यय निमूटपणे सोसायचा असतो. कायद्याने हे घर ओव्हनचे आहे; वाय-फाय तेथे आश्रित आहे.

आश्रिताला होणारा त्रास मॅग्नेट्रॉनच्या वर वर्णन केलेल्या स्वभावातूनच उद्भवतो. वाय-फाय यंत्र बोलण्यापूर्वी कानोसा घेते. ओव्हनचा गोंगाट ऐकू आला, तर वाहिनी व्यग्र आहे असे समजून ते थांबते. दुरून तो ऐकू आला नाही आणि संदेश पाठवला, तर ओव्हनजवळच्या ग्राहीपाशी तो विद्रूप होऊन पोहोचतो. सुदैवाने जुना ओव्हन दर २० मिलिसेकंदांत दहा-बारा मिलिसेकंद गप्प असतो. त्या मोकळ्या जागेत संदेशाची पुडकी पाठवता येतात. मात्र पुडके तेवढ्या अवधीत मावले पाहिजे. १,५०० बाइटांच्या पुडक्यात १२,००० अंक असतात. सेकंदाला १.१ कोटी अंक या गतीने ते सुमारे १.१ मिलिसेकंदात जाते व मोकळ्या जागेत सहज मावते. सेकंदाला दहा लक्ष अंक या गतीने त्याला १२ मिलिसेकंद लागतात आणि ते ओव्हनच्या पुढच्या स्पंदात सापडण्याचा संभव फार वाढतो. येथे एक विपरीत गोष्ट घडते. पुडकी हरवू लागली की अनेक वाय-फाय यंत्रे संदेश क्षीण झाला असे समजून आपली गती कमी करतात. क्षीण संदेशावर हा उपाय योग्य असतो. ओव्हनच्या बाबतीत मात्र गती कमी केल्याने पुडके लांबते आणि अधिकच हमखास हरवते.

ब्लूटूथची साधने निराळा मार्ग अवलंबतात. ती सेकंदाला १,६०० वेळा कंप्रता बदलतात आणि २००३ च्या सुधारित मानकापासून गोंगाट असलेल्या कंप्रता टाळून उड्या मारू शकतात. नव्या इन्व्हर्टर ओव्हनमध्ये जड रोहित्राऐवजी इलेक्ट्रॉनीय पुरवठा असतो. त्यातील मॅग्नेट्रॉन आवर्तनाच्या दोन्ही अर्ध्यांत चालत असल्याने अन्न अधिक समपणे शिजते. शेजाऱ्याला मिळणारी शांततेची जागा मात्र आकसते.

दुर्बिणीला झालेला भास

घरातील संदेश तुटला तर पुन्हा पाठवता येतो. परंतु आकाशातून एकदाच येणाऱ्या संदेशाची गोष्ट वेगळी असते. मॅग्नेट्रॉनच्या स्वभावाचा सर्वांत उद्बोधक धडा ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने दिला.

२००७ मध्ये डंकन लोरिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्बिणीच्या २००१ मधील नोंदींत सापडलेला एक विलक्षण रेडिओ स्पंद जाहीर केला. तो काही मिलिसेकंदच टिकला होता. त्याच्या उच्च कंप्रता आधी आणि नीच कंप्रता नंतर पोहोचल्या होत्या. अवकाशातील विरळ आयनीभूत वायूतून येणाऱ्या स्पंदाचे असेच अपस्करण होते आणि ते जितके अधिक, तितका स्पंद दुरून आलेला असतो. या स्पंदाचे अपस्करण एवढे मोठे होते की तो आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडून आला असला पाहिजे. हे खरे असेल तर खगोलशास्त्राला एक सर्वस्वी नवी घटना गवसली होती.

२०११ मध्ये मात्र शंकेला जागा निर्माण झाली. सारा बर्क-स्पोलाओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्क्सच्याच नोंदींतून असे १६ संदेश दाखवून दिले की ज्यांची कंप्रता वरून खाली तशीच घसरत होती, पण जे निश्चितपणे पृथ्वीवरचे होते. पार्क्सच्या ग्राहीत आकाशातील शेजारशेजारचे १३ भाग एकाच वेळी पाहण्याची सोय होती. लोरिमर यांचा स्पंद त्यांपैकी मोजक्याच भागांत दिसला होता. हे नवे संदेश सर्व भागांत एकदम दिसत होते. दुर्बीण ज्या दिशेला वळलेली होती त्या दिशेने ते येत नसून जवळूनच कोठून तरी शिरत होते. त्यांना पेरिटॉन या काल्पनिक प्राण्याचे नाव देण्यात आले. ते कोठून येतात हे कोणालाच सांगता येईना आणि त्यामुळे लोरिमर यांच्या स्पंदावरही संशयाची छाया पडली. नवी खगोलीय घटना की जवळपासचा व्यत्यय, असा तो प्रश्न होता.

पेरिटॉन कामाच्या दिवसांत आणि दिवसाच्या वेळीच येत. आकाशातील वस्तूला सुट्टीचा वार कळत नाही. म्हणून हे कृत्य माणसाचे असावे, हे उघड होते. डिसेंबर २०१४ मध्ये दुर्बिणीच्या परिसरात विस्तृत पट्ट्यावर लक्ष ठेवणारे व्यत्ययमापक यंत्र बसवण्यात आले. जानेवारी २०१५ मध्ये तीन पेरिटॉन आले आणि तिन्ही वेळा या यंत्राने २,४०० मेगाहर्ट्झच्या आसपास प्रबळ संदेश नोंदवला. दुर्बिणीचा ग्राही १,४०० मेगाहर्ट्झच्या परिसरात पाहत असल्यामुळे ही बाजू त्याला दिसतच नव्हती. संशय परिसरातील मायक्रोवेव्ह ओव्हनवर गेला.

परंतु ओव्हन नुसता चालवून पाहिला तेव्हा पेरिटॉन उमटला नाही. ओव्हन चालू असताना, ठरलेला वेळ संपण्यापूर्वीच दार उघडले असता तो उमटला. आणि तोही दुर्बीण योग्य दिशेला वळलेली असेल तेव्हाच. दार उघडताच सुरक्षा-कळी वीज तोडते. पण मॅग्नेट्रॉन क्षणार्धात निःशब्द होत नाही. बंद पडता पडता तो आपल्या नेहमीच्या कंप्रतेपासून दूर, १,४०० मेगाहर्ट्झच्या आसपासही, क्षणभर उत्सर्जन करतो आणि तेवढ्यात दार उघडे असते. स्पंदाच्या आरंभी व शेवटी नलिका आपली कंप्रता सोडते, हा जो स्वभाव वर सांगितला, त्याचेच हे टोकाचे रूप होय. एमिली पेट्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हा उलगडा प्रसिद्ध केला.

या शोधाचे महत्त्व एका कोड्याच्या उत्तरापुरते नव्हते. पेरिटॉनचे मूळ सापडल्यामुळे लोरिमर यांचा स्पंद त्या वर्गातला नाही, हे अधिक ठामपणे म्हणता आले. तोवर अन्य दुर्बिणींनाही असे स्पंद मिळू लागले होते. २०१७ मध्ये अशा एका वारंवार येणाऱ्या स्पंदाचे स्थान सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या एका लहान दीर्घिकेत निश्चित करण्यात आले. शीघ्र रेडिओ स्फोट या नावाने ओळखली जाणारी ही शाखा आज खगोलशास्त्रात प्रस्थापित झाली आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ, खोडद येथे केंद्र असलेली ३० आकाशकांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीणही अशा स्फोटांचे निरीक्षण करते. तिची कंप्रतामर्यादा १,४५० मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत जाते. तिच्यासाठी हा परिसर निवडताना तेथील मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे एक कारण होते. अशा जागी स्वयंपाकघरातील एका उपकरणाचीही दखल घ्यावी लागते, याचे कारण पार्क्सच्या अनुभवावरून स्पष्ट व्हावे.

दोष कोणाचा?

हे सर्व वाचून मॅग्नेट्रॉन ही मुळातच एक ओबडधोबड नलिका आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. रेथिऑनमधील अभियंते विल्यम ब्राउन यांनी ओव्हनचाच स्वस्त मॅग्नेट्रॉन घेऊन त्याला सपाट, एकदिश दाब पुरवला. आंदोलने सुरू झाल्यावर ऋणाग्र तापवणारा प्रवाह त्यांनी बंद केला. माघारी येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या आघातांनीच ऋणाग्र तापलेले राहते. अशा स्थितीत त्या नलिकेचा संदेश आश्चर्यकारक रीतीने स्वच्छ झाल्याचे आढळले. बाहेरून एक क्षीण पण स्थिर संदेश आत सोडला, तर मॅग्नेट्रॉन त्याच्या तालावर चालू लागतो, हेही सिद्ध झाले आहे. क्षीण संदेशाने प्रबळ आंदोलकाला असे बांधून घेण्याच्या अटी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी १९४६ मध्येच मांडल्या होत्या. अंतराळात सौर ऊर्जा गोळा करून ती सूक्ष्मतरंगांनी पृथ्वीवर पाठवण्याच्या योजनांत अशा मॅग्नेट्रॉनांचा विचार झाला तो याच गुणामुळे.

तेव्हा बेशिस्त नलिकेत नसून तिच्याभोवतीच्या रचनेत आहे. सपाट विद्युत् पुरवठा, परतणारे तरंग अडवणारा घटक आणि कंप्रतेला बांधून ठेवणारा संदर्भ-संदेश या तिन्ही गोष्टी अभियंत्यांना ज्ञात आहेत. घरगुती ओव्हनमध्ये त्या नसतात, कारण अन्नाला त्यांची आवश्यकता नाही आणि प्रत्येकीने किंमत वाढते. मॅग्नेट्रॉनऐवजी ट्रान्झिस्टरांनी सूक्ष्मतरंग निर्माण करणारे ओव्हनही तयार झाले आहेत. त्यांची कंप्रता हवी तशी नियंत्रित करता येते. पण किमतीत ते मॅग्नेट्रॉनशी स्पर्धा करू शकत नाहीत.

जोवर ही स्थिती आहे, तोवर थोडी दक्षता उपयोगी पडते. वाय-फायचे यंत्र ओव्हनपासून दूर ठेवावे आणि शक्य असल्यास ५,००० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा वापरावा. दाराची कड व चौकट स्वच्छ आणि न वाकलेली ठेवावी, कारण गळती प्रथम तेथूनच वाढते. आणि वेळ संपण्यापूर्वी अन्न काढायचे असल्यास प्रथम बंद करण्याची कळ दाबून मगच दार उघडावे. सुरक्षा-कळी असल्यामुळे तसे न केल्याने माणसाला अपाय होत नाही. परंतु बंद पडणाऱ्या मॅग्नेट्रॉनचा शेवटचा उद्गार मग पेटीतच राहतो. रेडिओ तरंगांचा पट्टा हे पाण्यासारखे सामायिक धन आहे. त्याचा वापर करणाऱ्यांत नभोवाणी, उपग्रह आणि दुर्बिणी जशा येतात, तसा ओट्यावरचा ओव्हनही येतो.